सगळ्या घरांना एकच किल्ली : स्मार्ट वस्तूंच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील सीसीटीव्हीच्या चित्रफिती इंटरनेटवर विकल्या जात असल्याचे उघडकीस आले आणि सगळा गुजरात हादरला. तपासणीसाठी आलेल्या महिलांची ती दृश्ये होती. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने या प्रकरणी महाराष्ट्रातून आणि उत्तर प्रदेशातून संशयितांना पकडले. तपास पुढे सरकला तसे लक्षात आले की हे एका रुग्णालयापुरते नव्हते. देशभरातली रुग्णालये, शाळा, कार्यालये आणि लोकांची राहती घरे यांतल्या कॅमेऱ्यांतून हजारोंच्या संख्येने चित्रफिती चोरल्या गेल्या होत्या.

आपण बडोदेकर मराठी मंडळींना ही बातमी दोन्ही बाजूंनी जवळची. ज्यांची अब्रू चव्हाट्यावर आली त्या आपल्याच राज्यातल्या भगिनी आणि पकडलेल्यांत आपल्या मूळ मुलखातली तरुण मुले. पण या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. चोरांनी फार मोठी हुशारी केली नव्हती. तपासातून बाहेर आलेल्या माहितीनुसार, कॅमेरा कारखान्यातून येतानाच त्याला लावलेला ‘अ‍ॅडमिन१२३’ सारखा पासवर्ड अनेक ठिकाणी कोणी बदललाच नव्हता. यंत्राकरवी एकामागून एक पासवर्ड लावून बघायचे, उघडला की आत शिरायचे. बस्स.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत इंटरनेटला जोडलेल्या वस्तू गुपचूप वाढल्या आहेत. कॅमेरा, दाराची घंटा, टीव्ही, दिवे, प्लग, एसी, गिझर, आवाजावर चालणारा स्पीकर, दाराचे कुलूपसुद्धा. ‘हॅकरांपासून सावध राहा’ असा उपदेश आपण रोज ऐकतो, पण नेमके बिघडते कुठे आणि ते दुरुस्त कोणी करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. या लेखात तेवढेच पाहू. गेल्या दहा वर्षांतली प्रकरणे पाहिली तर त्यांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते : हजारो घरांना एकच किल्ली.

२०१६ चा धडा

ऑगस्ट २०१६ च्या सुमारास ‘मिराय’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागला. त्याचे काम साधे होते. जगभरातले कॅमेरे, व्हिडिओ साठवणारे डीव्हीआर आणि वायफायचे राउटर शोधायचे आणि साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांच्यावर लावून पाहायच्या. या जोड्या कंपन्यांनीच कारखान्यात लावलेल्या होत्या. जे यंत्र उघडेल ते त्या फौजेत भरती. यंत्राच्या मालकाला काहीही कळत नसे. कॅमेरा नेहमीसारखाच चालू राही.

अशा लाखो यंत्रांनी एकाच वेळी एखाद्या संकेतस्थळाकडे मागण्या धाडल्या की ते कोलमडते. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतले सायबर-पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांचे संकेतस्थळ असेच पाडले गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीवर असाच हल्ला झाला. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणे हे या कंपनीचे काम, त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास मिळेनाशा झाल्या. मिराय बनवणारे पुढे पकडले गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. ती विशीतली तीन मुले होती. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चढाओढीतून हे प्रकरण सुरू झाले होते.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या घरातला निष्काळजीपणा फक्त आपल्यालाच भोवतो असे नाही. आपला कॅमेरा आपल्याला न कळत दुसऱ्याच्या घरावर दगड मारत असतो. म्हणून ‘माझ्या घरात चोरण्यासारखे आहेच काय’ हे उत्तर इथे पुरत नाही.

कुलूप मजबूत, पण किल्ली सामाईक

पासवर्ड सोपा होता म्हणून घोटाळा झाला, मग कठीण गणिती कुलूप लावले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. त्याच २०१६ सालातले दुसरे उदाहरण हा समज खोडून काढते.

इस्रायलमधली वाइझमन संस्था आणि कॅनडातले डलहौसी विद्यापीठ इथल्या संशोधकांनी फिलिप्स कंपनीचे ‘ह्यू’ हे स्मार्ट दिवे तपासले. हे दिवे पासवर्डावर चालत नव्हते. दिव्याच्या आतला प्रोग्राम बदलायचा तर नवा प्रोग्राम खरोखर कंपनीकडूनच आला आहे हे तपासण्याची सोय त्यात होती आणि त्यासाठी वापरलेली पद्धत बँकाही विश्वास ठेवतात अशी पक्की होती. पण एका जातीच्या सगळ्या दिव्यांत किल्ली मात्र एकच होती. संशोधकांनी दिव्यातली चिप काम करताना किती वीज घेते याची बारीक मोजमापे घेतली आणि त्यावरून ती किल्ली शोधून काढली. त्यासाठी लागलेले सामान फार महागडेही नव्हते. एका दिव्याची किल्ली मिळाली आणि त्या जातीचा प्रत्येक दिवा उघडा पडला. ड्रोन उडवून एका इमारतीतले दिवे बाहेरूनच ताब्यात घेता येतात, हेही त्यांनी करून दाखवले. संशोधक प्रामाणिक होते. त्यांनी कंपनीला आधी कळवले आणि कंपनीने दुरुस्तीही केली.

पण निष्कर्ष स्पष्ट आहे. कुलूप कितीही भक्कम असो, सोसायटीतल्या सगळ्या घरांना एकाच किल्लीचे कुलूप बसवले तर एका घरची किल्ली हरवताच सगळी सोसायटी उघडी. राजकोट, मिराय आणि हे दिवे, तिन्हीकडे हाच दोष दिसतो.

ओळख कशी पटवायची?

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. प्रत्येक वस्तूला जन्मतःच स्वतःची वेगळी, गुप्त किल्ली असावी आणि ती किल्ली कोणालाही न दाखवता ‘मी तोच’ असे तिला सिद्ध करता यावे.

गॅस सिलिंडर घेताना आपल्या फोनवर एक आकडा येतो आणि तो आपण सिलिंडर आणणाऱ्याला सांगतो. आजचा आकडा उद्या चालत नाही, त्यामुळे कोणी तो ऐकला तरी पुढच्या वेळी त्याचा उपयोग नाही. वस्तूंची ओळख पटवण्याची पद्धत याच्या एक पाऊल पुढे जाते. समजा, घरातले मुख्य यंत्र दाराच्या कुलपाला विचारते, ‘तू कोण?’ आणि सोबत एक नवा, कुठलाही आकडा पाठवते. कुलूप तो आकडा आणि स्वतःजवळची गुप्त किल्ली यांची गणिती सांगड घालून फक्त उत्तर परत पाठवते. मुख्य यंत्राकडेही त्या कुलपाची किल्ली नोंदलेली असते. ते तेच गणित करून पाहते. उत्तर जुळले तर ओळख पटली. प्रश्न दर वेळी नवा, म्हणून उत्तरही दर वेळी नवे. किल्ली हवेतून कधीच जात नाही, त्यामुळे बाहेर उभे राहून संदेश ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. याच रीतीने कुलूपही उलट विचारू शकते, ‘दार उघड म्हणणारा तू खरा कशावरून?’ ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे, हे महत्त्वाचे.

मग हे आधीच का झाले नाही? अडचण वस्तूंच्या गरिबीची आहे. आपल्या फोनमध्ये स्मृती आणि ताकद मुबलक असते. पण दाराला चिकटवलेला छोटा सेन्सर बटणाएवढ्या बॅटरीवर वर्ष-दोन वर्षे चालायचा असतो आणि त्याच्या चिपची स्मृती काही किलोबाइटच असू शकते. संगणकांसाठी बनवलेली जड गणिते त्याच्या गळ्यात मारली तर बॅटरी लवकर संपते, दिवा लागायला वेळ लागतो आणि वस्तूची किंमत वाढते. हे कारण पुढे करून अनेक उत्पादकांनी सुरक्षितताच गाळली. काहींनी स्वतःच्या मनाने काहीतरी गुप्त युक्ती बसवली आणि अशा झाकलेल्या युक्त्या बहुधा फार काळ टिकत नाहीत.

‘हलके’ म्हणजे कच्चे नव्हे

ही सबब आता उरलेली नाही, ही खरी ताजी बातमी. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये लहान यंत्रांसाठी हलक्या गुप्तलेखन-पद्धती सुचवा, असे जगभरातल्या तज्ज्ञांना आवाहन केले. ५७ प्रस्ताव आले. पुढची काही वर्षे तज्ज्ञ एकमेकांच्या पद्धती उघडपणे फोडून पाहत होते. २०२१ मध्ये दहा पद्धती उरल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांतून ‘अ‍ॅस्कॉन’ निवडली गेली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तांत्रिक विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ती २०१४ मध्ये मांडली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावर आधारलेले अंतिम मानक प्रसिद्ध झाले.

अ‍ॅस्कॉन एकाच वेळी दोन कामे करते. संदेश झाकते आणि तो वाटेत कोणी बदललेला नाही, खऱ्या पाठवणाऱ्याकडूनच आला आहे, याची खूणही लावते. घरातल्या वस्तूंसाठी दुसरे काम अधिक मोलाचे. ‘गिझर चालू कर’ हा निरोप कोणी ऐकला तर फारसे बिघडत नाही, खोटाच पाठवला तर बिघडते. तिची किल्ली १२८ बिटांची असते. चार आकडी पिनच्या दहा हजार शक्यता असतात, तर या किल्लीच्या शक्यता लिहायच्या तर ३४ वर ३७ शून्ये द्यावी लागतील. एवढे असूनही ती लहान चिपवर कमी विजेत चालेल अशा बेताने रचली आहे. शिवाय आधी सांगितलेल्या, विजेची मोजमापे घेऊन किल्ली काढण्याच्या हल्ल्यापासून चिपचे रक्षण करणेही तिच्यात तुलनेने सोपे जावे, याचा विचार रचनेतच केलेला आहे.

पण पद्धत चांगली असली तरी किल्ल्या वाटण्याची शिस्त वेगळीच लागते, हे ह्यू दिव्यांनी शिकवलेच आहे. त्या बाजूनेही काम झाले. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन आणि इतर अनेक कंपन्यांनी मिळून ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे सामाईक मानक आणले. त्यात प्रत्येक वस्तूला कारखान्यातच स्वतःचे प्रमाणपत्र दिले जाते आणि घरात जोडताना तिच्यावरचा क्यूआर किंवा आकडी कोड लागतो. वस्तू खरी आहे की नकली हे आधी तपासले जाते, मगच तिला घरात प्रवेश मिळतो. म्हणजे पद्धत आहे, मानके आहेत. उरला प्रश्न, ती पाळायला लावणार कोण?

कायदा कुठवर आला?

याबाबत ब्रिटनने स्पष्ट भूमिका घेतली. २९ एप्रिल २०२४ पासून तिथे इंटरनेटला जोडता येणारी घरगुती वस्तू सगळ्यांना सारखा किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड लावून विकता येत नाही. दोष कळवायचा पत्ता द्यावा लागतो आणि सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील तेही सांगावे लागते. नियम मोडल्यास एक कोटी पौंड किंवा कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तिथपर्यंत दंड होऊ शकतो. युरोपीय संघाचा याहून व्यापक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील.

आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती स्मार्ट वस्तूंसाठी एक आचारसंहिता काढली. सामाईक पासवर्ड नको, हेच तिचेही पहिले कलम. पण ती मार्गदर्शक होती. सक्तीचे पाऊल कॅमेऱ्यांबाबत पडले. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी ठरवल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. कॅमेऱ्यात शिरणाऱ्याची ओळख पटवणे, कोणाला काय पाहता येईल याच्या मर्यादा आणि माहिती झाकून पाठवणे यांची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नवा कॅमेरा विकता येत नाही. प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत, मंजुरीला वेळ लागतो, अशी उत्पादकांची तक्रार आहे. तिच्यात तथ्य असू शकते, पण त्यासाठी प्रयोगशाळा वाढवाव्यात, अट सैल करू नये. राजकोटनंतर तरी याबाबत दुमत असू नये.

या नियमाच्या दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. एक, तो नव्या विक्रीसाठी आहे. आपल्या जिन्यात चार वर्षांपूर्वी लावलेला कॅमेरा आहे तसाच राहतो. दुसरी, ब्रिटनसारखा सगळ्या जोडलेल्या घरगुती वस्तूंना लागू होणारा एकच कायदा आपल्याकडे अजून नाही. स्वस्तातला प्लग, दिवा, बाळावर नजर ठेवायचे यंत्र किंवा दाराचे कुलूप घेताना त्यात ओळख पटवण्याची धड सोय आहे की नाही, हे गिऱ्हाईकाला खोक्यावरून कळत नाही. विजेच्या वस्तूंवर ताऱ्यांची खूण असते. तशी साधी, सर्वांना वाचता येणारी सुरक्षेची खूण या वस्तूंवर सक्तीची व्हावी, ही मागणी ग्राहक म्हणून आपण केली पाहिजे.

सगळी जबाबदारी गिऱ्हाईकावर ढकलणे गैर आहे. पंखा विकत घेताना तो शॉक देणार नाही ना, हे आपण तपासत बसत नाही. तशी काळजी उत्पादकानेच घ्यायची असते.

किल्ली घरात कोणाकडे?

उद्या सगळ्या वस्तू उत्तम मानकांच्या आल्या तरी एक भाग आपल्याच हाती राहणार आहे. तो म्हणजे घरातली किल्ली कोणाच्या हाती आहे, याचा हिशेब.

आपल्या समाजातले चित्र पाहा. आई-वडील बडोद्यात, मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. काळजीपोटी मुलगा दिवाळीच्या सुट्टीत येतो, बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावून घेतो आणि परत जातो. खाते त्याच्या नावावर. बसवणाऱ्या माणसाने सुरुवातीला स्वतःच्या फोनवर जोडणी तपासलेली, ती कदाचित अजूनही तशीच. पासवर्ड त्यानेच ठेवलेला आणि तोच त्याने गल्लीतल्या इतर घरांनाही दिलेला असू शकतो. म्हणजे कारखान्यातली सामाईक किल्ली गेली आणि तिच्या जागी दुकानातली सामाईक किल्ली आली. सोसायटीच्या डीव्हीआरचेही तेच. कमिटी बदलते, सेक्रेटरी बदलतात, पासवर्ड तोच राहतो.

दुसरी चूक एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याची. २०१९ मध्ये अमेरिकेत ‘रिंग’ कंपनीच्या घरगुती कॅमेऱ्यांत परके लोक शिरून घरातल्या मुलांशी बोलल्याची प्रकरणे गाजली. कंपनीचे म्हणणे असे होते की दुसऱ्या ठिकाणाहून चोरीला गेलेले पासवर्ड तिथेही चालले. पुढच्या वर्षी कंपनीने पासवर्डाखेरीज फोनवर किंवा ईमेलवर येणारा आकडाही सक्तीचा केला. ही सोय आज बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, पण आपल्याला ती मुद्दाम सुरू करावी लागते.

म्हणून प्रत्येक घरात एकदा बसून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. घरात इंटरनेटला जोडलेल्या वस्तू किती, याची कागदावर यादी करावी. राउटर विसरू नये. तोच घराचा मुख्य दरवाजा.

२. प्रत्येकीचा कारखान्यातला किंवा बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड बदलावा. प्रत्येक वस्तूला वेगळा, लांब पासवर्ड द्यावा. घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही. दूर बसलेल्या चोराला आपले कपाट दिसत नाही.

३. अ‍ॅपमध्ये ‘कोणाकोणाला पाहता येते’ ही यादी उघडून बसवणारा, जुना भाडेकरू, जुने फोन काढून टाकावेत. दुसरा आकडा मागण्याची सोय सुरू करावी.

४. वस्तूच्या अ‍ॅपमध्ये नवी दुरुस्ती आली असेल तर ती करून घ्यावी. कंपनीने दुरुस्त्या देणे बंद केले असेल तर ती वस्तू इंटरनेटवरून काढावी. न वापरलेला कॅमेरा सरळ बंद करावा.

५. वस्तूवरचा क्यूआर किंवा कोड म्हणजे किल्लीच. नव्या वस्तूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना तो दिसता कामा नये. वस्तू विकताना किंवा देताना ती आधी मूळ स्थितीत आणावी.

६. झोपण्याच्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा नकोच. बाकीच्या खोल्यांतही तो कोण पाहते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि कामाला येणाऱ्या बाईंना माहीत असावे. काळजी आणि पाळत यांत फरक असतो.

आणि गैरप्रकार झालाच तर लाजेपोटी गप्प राहू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमानुसार, संमतीशिवाय एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राजकोटच्या महिलांचा काहीही दोष नव्हता. दोष दार उघडे ठेवणाऱ्यांचा आणि आत शिरणाऱ्यांचा होता.

वर दिलेली यादी पुरी करायला एका घराला तासभर पुरेल. आपल्या मंडळातल्या तरुण सभासदांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे जाऊन हा तास दिला तर ते मोठे काम होईल. मात्र एक पथ्य पाळावे. नवा पासवर्ड ज्येष्ठांच्या हातून टाइप करून घ्यावा आणि तो लिहिलेली वही त्यांच्याच घरात ठेवून यावी.